शेपूट

सकाळी इलाही मुलाणी गाडीच्या मागच्या दारात बसून
हवा मोजतो.
अकरा सायकली, बावीस चाकं.
माझी धरत नाही.
मी शेपूट.
माझ्यामागे कुणी राहता कामा नये,
एवढ्याचेच मला पैसे मिळतात.

बोगद्यातून पलीकडे निघालो तेव्हा साडेसहा.
सज्जनगडाच्या फाट्याआधीच पुढचे दहा दिसेनासे झाले.
मागे मारिके, वय अडुसष्ट.
तिच्या देशात सगळ्यात मोठा चढ म्हणजे
कालव्यावरचा पूल.

पण ती चढाला शिव्या देत नाही.
मान खाली घालून, दळण दळावं तशी
पायडल मारते,
आणि प्रत्येक मैलाच्या दगडापाशी उतरते,
आकडे शिकायला.
सातला ती कानातलं म्हणते.
ठोसेघर कानातलं किलोमीटर.

शाळेच्या दोन पोरी
निळ्या सायकलींवर, उभ्यानं रेटत,
ओढण्या कमरेला खोचून
आम्हाला मागे टाकून गेल्या.
एक गिअर, अर्धा ब्रेक.
मारिकेनं आपले सत्तावीस गिअर
एकदा वाकून पाहिले
आणि इतकी हसली की उतरावं लागलं.

वर सड्यावर गवत पिवळं पडलेलं,
चाळकेवाडीच्या पवनचक्क्या गरगर.
मी म्हटलं, घे, तुझा देश आला.
ती म्हणाली, या नुसत्याच उभ्या आहेत,
आमच्याकडे पवनचक्कीत माणसं राहायची, पीठ दळायची.
मग वारा समोरून असा आला
की दोघांचं बोलणं तोंडातच राहिलं.
याचं नाव काय? तिनं ओरडून विचारलं.
मला काय माहीत.
शेरडंवाल्याला विचारलं.
तो म्हणाला, वाऱ्याला कसलं नाव?
दुपारचा.
तिनं वहीत लिहून घेतलं, दु-पा-र-चा,
आणि पुढे तासभर पुटपुटत राहिली.

फाट्यावर इलाहीनं सकाळी काढलेला
खडूचा बाण
शेरडांच्या खुरांनी पुसलेला.
मी इथलाच, मला बाण कशाला?
डावीकडे घेतलं.
डांबर, मग खडी, मग मुरूम,
मग चार घरं आणि एक कोंबडा.
रस्ता तिथेच बसला.

एक बाई अंगणात सुपात घेवडा निवडत होती.
माझं हेल्मेट, काळा चष्मा, मांडीला चिकटलेली चड्डी
तिनं खालून वर पाहिली,
आणि बहिऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली,
किधर से आया?

मी तोंड उघडलं
आणि क्षणभर काहीच येईना.
दिवसभर दुसऱ्याच भाषेत
पाणी, पंक्चर, हळू, डावीकडे.
मग म्हणालो, मावशी, कोंडव्याचा.
साताऱ्याजवळचं कोंडवे.

अगं बया, ह्यो मराठी बोलतोय!
तिनं आत हाक मारली,
आन् सपष्ट बोलतोय! कुणीतरी शिकवलंय!

आडनाव सांगितलं, खुस्पे.
आजोळ सांगितलं.
चुलत्याचं रेशनचं दुकान सांगितलं.
हेल्मेट काढल्यावर कुठे पटलं,
तेही अर्धंच.
तेवढ्यात मारिकेनं पुढे होऊन
सड्याकडे बोट केलं
आणि जवळ होता तेवढा एकुलता शब्द दिला:
दुपारचा.

व्हय बाई, दुपारचाच, ती म्हणाली,
लई झोंबतो.
मग माझ्याकडे बघून,
हिला समजतंय की.
तुलाच वाट ठावं न्हाई.

नाचणीची भाकरी मारिकेनं दोन्ही हातांनी धरून खाल्ली.
परत फिरलो तेव्हा
वारा पाठीला आला होता आणि ऊन लांब झालं होतं.
फाट्यावर इलाही उकिडवा बसून
बाण पुन्हा गिरवत होता, जाडजूड,
आंधळ्यालाही दिसेल असा.
अकरा, म्हणाला, आणि खडू खिशात टाकला.

रात्री पाटणच्या लॉजवर आरशात पाहिलं.
गालांवर पट्ट्याच्या दोन गोऱ्या रेघा,
बाकीचा रापलेला.
किधर से आया,
मी हळूच विचारून पाहिलं.

नळाला पाणी नव्हतं.
बाहेरून इलाही ओरडला,
खुस्पे, तुझ्या मागच्या चाकात
हवाच नाही रे.