चार बोटं जागा

औशाच्या खाली, तावरजेच्या अंगाला,
बाभळीच्या बुडाशी दोघं उताणी आहेत.
मुळात उभी होती, एकाच काळ्या शिळेत, खांद्याला खांदा.
भूकंपाच्या पहाटे पडली.
मागनं गाव उभं राहिलं, पत्रे आले, गल्ल्यांना नंबर आले,
ह्यांना उभं करायचं राहूनच गेलं.
आता पाऊस थेट त्यांच्या डोळ्यांत पडतो
आणि साळुंक्या छातीवर बसून पाणी पितात.

परसोजी नाईक. ढाल, कट्यार, पिळाच्या मिशा.
पायाशी घोडा, कुत्र्याएवढाच,
कारण शिळा तिथं संपत आली होती.
शेजारी म्हाळाई. नाक नाही.
लग्नाच्या पोरींनी हळद लावून लावून झिजवलं.
बांगड्या मात्र मोजता येतात: डाव्या हातात नऊ, उजव्यात आठ.
हे मी मोजलेलं. कुणी विचारलेलं नाही.

खाली लिहिलंय.
त्याच्या बाजूला सगळं आहे: शके १४८२,
रौद्र नाम संवत्सर, वद्य पंचमी, झुंजात पडला.
तिच्या बाजूला नाव, आणि नावापुढं
घासून गुळगुळीत केलेली चार बोटं जागा.
तिथं काही नाही.

म्हणजे दगड तिनंच घडवून घेतला.
पाथरवटाला ज्वारी मोजून दिली,
पदर कुठवर हवा तेही सांगितलं असेल,
आणि मग गेली कुठं तरी, जगायला.
माहेरी गेली असेल. पाट लावला असेल बालाघाटाच्या पलीकडं.
दात पडून, नातवंडांच्या कालव्यात मेली असेल,
आणि तिथल्या कुणाला ठाऊकही नसेल
की हिची एक तिथी इकडं बाकी आहे.

शेळ्यांमागचं पोरगं म्हणालं, "सती गेली ती, मावशी."
म्हटलं, "गेली असती तर तारीख एकच पडली असती रे."
ते हसलं.
रिकाम्या जागेत त्यानं कोळशानं
कुणाचा तरी मोबाइल नंबर लिहून ठेवला होता.
शेवटचे दोन आकडे मावले नव्हते.

खरं तर मी लातूरला गेले होते, ग्रॅनाइटवाल्याकडं.
शांतवीर
(नाव घ्यायची सवय आता कुठं लागतेय)
जाऊन अकरा महिने झाले.
शेताच्या कोपऱ्यात, आंब्याजवळ, बसवलंय त्यांना.
आमच्यात बसवतात, झोपवत नाहीत.
पुतण्या मन्मथ म्हणतो, "काकू, जोडसमाधीच बांधू.
मशीनचा खर्च तोच. फोटो दोघांचा लागंल."

मशीन म्हणजे लेझर.
पासपोर्ट साइजवरून काळ्या फरशीवर माणूस उमटतो, भुवईसकट,
आयुष्यात कधी नव्हता इतका शहाणा.
ग्रॅनाइटवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, मग टेपकडं.
"तुमच्या तारखंला जागा सोडतो."
किती, विचारलं.
त्यानं फरशीवर हात ठेवून दाखवला.
परतताना औशाला उतरले ती त्यासाठी.
लेकरासारखी वाकून दगडावर बोटं लावून बघितली.
उन्हानं चांगला तापला होता.

दोघांचा फोटो आमचा एकच, सिद्धेश्वराच्या जत्रेतला.
ते कॅमेऱ्याकडं बघतायत, मी पाळण्याकडं.
मन्मथला तोच दिला.
"काकू, तुम्ही समोर बघतच नाही की."
म्हटलं, राहू दे तसंच.
तो फोटोकडं बघत राहिला, मग माझ्याकडं,
मग गाडीला किक मारली.

घरी आले. तवा ठेवला.
पीठ अजून दोघांच्याच अंदाजानं मळलं जातं.
एक भाकरी रोज उरते, रोज ती गाईला घालते.
आज गाईनं दावं ताणून वाट पाहिली.
मी चुलीपाशी उभ्यानंच
दुधात कुस्करून खाल्ली.