मंगळवार, सातनंतर

फ्रेझरबर्गच्या चर्चमागे हॉल आहे,
तिथे हीटर एकच, तोही खोकत चालणारा.
मी फळ्यावर दोन शब्द लिहिले:
ऑब्टेन. अक्वायर.
दोन्हींचा अर्थ मिळवणे, असं डिक्शनरी म्हणते,
पण डिक्शनरीला पहाटे चारला मासे कापायला जायचं नसतं.

मी म्हटलं, पहिल्याला अर्ज लागतो.
खिडकी, रांग, सही, शिक्का.
परमिट ऑब्टेन करतात, बंदरात शिरायचा पाससुद्धा.
दुसऱ्याला वेळ लागतो.
चव, खोड, बोलण्यातला हेल,
हे कुणी मागायला जात नाही, ते जडतं.

दाइवानं तळहात हुंगला.
"म्हणजे खोली ऑब्टेन केली,
आणि हॅडॉकचा वास अक्वायर."
सगळे हसले. मी तिचंच वाक्य फळ्यावर घेतलं.
इल्झेनं वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या.
परवा बेकरीत तिच्या तोंडून 'फिट लाइक' निघालं म्हणे,
अगदी आमच्या गावच्यासारखं,
आणि तीच दचकली.

इथवर धडा बरा चालला होता.

मग रिमांतासनं खिशातून पत्र काढलं,
घडीवर घडी, बर्फखान्याच्या ओलीनं मऊ पडलेलं.
डॉक्टरचं. एका ओळीवर बोट ठेवलं:
अक्वायर्ड हिअरिंग लॉस.
अकरा वर्षं बर्फ फोडायच्या यंत्राशेजारी. डावा कान.
"एल्स्पेथ," तो म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्यानं,
"लॉस म्हणजे गमावणं. तुम्हीच शिकवलंत, ऑक्टोबरात.
मग गमावणं मिळवतात कसं?"

मी खडू या हातातून त्या हातात घेतला.
जन्मजात नाही, नंतर आलेलं, एवढाच अर्थ,
हे सांगता आलं असतं. सांगितलंही.
तो मान हलवत राहिला
आणि पत्राखालचा कंपनीचा फॉर्म पुढे सरकवला.
त्यात एक रकाना होता, 'कसे प्राप्त झाले'.
कोरा.

प्राप्त! जणू स्टेजवर बोलावून हार घातला.

माझे वडील बोटीच्या इंजिनापाशी बहिरे झाले.
आई म्हणायची, समुद्र भरलाय कानात, ओरडून बोल.
पत्र कुणी दिलं नाही.
शब्दच नव्हता, मग रकाना कुठला,
आणि आम्ही ओरडून बोलत राहिलो,
त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा, सवयीनं.

रकाना भरायला पाऊण तास गेला.
स्पेलिंग माझं, तारखा इल्झेच्या,
यंत्राचा नंबर दाइवाला पाठ होता.
रिमांतासनं सही केली, हळू,
थंडीत बोटं वळत नाहीत त्याची.

खुर्च्या भिंतीशी लावताना माझ्या लक्षात आलं:
सगळ्या त्याच्या उजव्या बाजूला सरकलेल्या.
सप्टेंबरात अर्धवर्तुळ होतं, मीच मांडलं होतं.
कुणाला विचारावं, कधीपासून?
ते कोट चढवत होते, उद्याच्या पाळीचं बोलत,
त्याच्या उजव्या कानाशी.

मी हीटर बंद केला. फळा पुसायचा राहिला.
बुधवारी तिथे शिवणवर्ग असतो.