खाजणाची वही

वही शाळेची आहे, दोनशे पानी,
वर हसणारं मांजर.
पहिल्या पानावर रेमीचं गणित, चुकलेलं,
आणि तिथून पुढे आमचं खाजण.

रात्रीची फेरी कोणाची, भरती किती वाजता,
कोणी किती फग लावले, कुठल्या फाट्यात.
तिवर तोडला: नाही.
तिवर तोडला: नाही.
तिवर तोडला: एक फांदी, धुरपाची शेळी, समज दिली.
शेळीला की धुरपाला, ते लिहिलेलं नाही.

पलीकडे चारकोपचे दिवे
रात्रभर पाण्यात उभे असतात.
चाळिसाव्या मजल्यावरून आम्ही दिसत असू
तर एक काळा पट्टा,
रंगवायचा राहून गेलेला.
त्या पट्ट्यात मी मांडीभर चिखलात
बोटांनी बीळ वाचते.
तोंडाशी ताजा गाळ, म्हणजे घरात आहे.
गाळ सुकलेला, म्हणजे घर सोडून गेली,
किंवा माझ्याआधी कोणी येऊन गेलं.

नियम आम्ही अकरा बायांनीच केला,
गोराईच्या जेट्टीवर, टोपल्या उलट्या घालून बसून:
लाखेची मादी सापडली तर सोडायची.
दंड दोनशे.
सेलीन म्हणाली, दोनशेनं काय होतंय, पाचशे करा.
मीच म्हटलं, नको गो, गरिबाला झेपेल असा ठेवा.
तेव्हा ठाऊक नव्हतं
गरीब कोण निघणार ते.

अवसेच्या आदल्या दिवशी सापडली.
किलोला थोडी कमी, कवच माझ्या तळव्याहून मोठं,
उजेडात धरली तर कडेला शेंदरी झाक.
हॉटेलवाल्याचा माणूस फेरीबोटीतून
मोटरसायकल उतरवत होता.
अठराशे म्हणाला.
रेमीची फी सतराशे ऐंशी.
मी आकडे जुळवले नाहीत,
ते आपसूक जुळले.
सुंभानं बांधताना ती एकदाच हलली.

घरी येऊन वही उघडली.
खोटं लिहायला पान कोरंच होतं.
लिहिलं: लाखेची मादी, एक, विकली, मी.
खाली सही,
रेशनच्या दुकानात करते तशी, रेघेच्या बाहेर जाणारी.

बाया हसल्या. धुरपा सगळ्यांत जास्त.
आता माझ्या शेळीचं नाव खोड म्हणाली.
नाही खोडलं.
दंड चार हप्त्यांत भरला,
त्यातून टॉर्चचे सेल आले, एक शिट्टी,
आणि उरलेल्याची भजी.

टॉर्च त्याच महिन्यात कामाला आली.
रात्री दोनला उत्तनच्या रस्त्यानं डंपर,
दिवे मालवलेले, हौदा वर जाताना कुंथत होता.
शिट्टी फुंकली. आठ जणी धावल्या,
तिघींना झोपेतून जागच आली नाही, तेही नोंदलंय.
ड्रायव्हर मिसरूड फुटलेला पोरगा, परभणीकडचा.
मावशी, खेपेला तीनशे मिळतात, मालक कोण
मला पण माहीत नाही.
सेलीननं गाडीचा नंबर उतरवला.
मी त्याला पाणी दिलं.
दोन्ही वहीत आहे.

अर्धा हौदा तोवर सांडला होता तिवरांवर:
कोणाचं तरी स्वयंपाकघर.
निळ्या फुलांच्या टाइल्स,
हळदीचा डाग पडलेला ओटा,
आणि एक नळ,
अजून कोणीतरी घट्ट बंद करून ठेवलेला.

तक्रार दिली. साहेब आले,
काठावरून फोटो काढून गेले.
त्यापुढे तीन पानांवर तीन वेगळ्या शायांनी
"उचलणार आहेत" असं लिहिलंय.

तोवर ओहोटीला आम्हीच
टोपल्यांनी तुकडे बाहेर काढतो.
काल एक टाइल उचलली तर खाली
नखाएवढी चिंबोरी,
नुकतीच कात टाकलेली, मऊ,
आणि शेजारी तिचंच रिकामं अंग.
टाइल होती तशी ठेवली.
काय लिहावं ते सुचेना.
सेलीन पाय धुता धुता म्हणाली, लिही की,
तुकडा एक, उचलला नाही.