हीलरची एक जागा

वीस जणांच्या रेडमध्ये एक जागा रिकामी.
ठरवायचं मी, कारण यादी माझ्याकडे
आणि हरल्यावर शिव्याही मलाच.
रात्रीचे साडेबारा, कन्नमवार नगर.
टेबलावर दिवसभराचे पोट उघडलेले मोबाइल,
त्यांचे स्क्रू चहाच्या बशीत.

पहिला ग्लेन तुस्कानो, गोराईचा. दीपधारी.
अर्धमेल्याला एका मंत्रात उभा करतो,
पण मंत्राला अडीच सेकंद लागतात
आणि ड्रॅगनला एवढा धीर नसतो.
शिवाय हात सढळ. अर्ध्या लढाईतच
त्याचा निळा पट्टा कोरडा.
मग कोपऱ्यात उभा राहून म्हणतो,
मारा, मारा, मी बघतोय.

दुसरी नौशीन, कुर्ल्याची. कवचकार.
ती जखम भरत नाही,
जखम व्हायच्या आधी माणसाभोवती काच उभी करते.
कुणावर कितव्या सेकंदाला घाव येणार, तिला पाठ.
आकड्यांच्या तक्त्यात मात्र कायम तळाला,
कारण जे लागलंच नाही ते मोजणार कोण?
पोरं विचारायची, ही करते तरी काय?
एका शनिवारी तिला वगळलं.
चौथ्या मिनिटाला सगळे आडवे.

तिसऱ्या कुमुदिनी सामंत, चारकोप.
वय त्रेसष्ट, बेस्टच्या पास-खिडकीवरून निवृत्त.
पर्णवैद्य.
प्रत्येकाच्या खांद्यावर एक पान,
पानातून दर दोन सेकंदांनी एक थेंब,
अठरा सेकंद, की पान गळतं.
मोठा घाव बसला तर वणव्यावर पळीभर पाणी.
रांगेतल्या माणसांना पास द्यावा तसं
एकेकाला, नंबराप्रमाणे,
"हं, पुढचे या" असं माइकवर पुटपुटत.

मनात नौशीनच्या नावापुढे टिक झाली होती.
काकूंना चाचणीला घेतलं ते भिडेखातर.

तीनला पाच मिनिटं होती.
ड्रॅगन चार टक्क्यांवर, छतातून आग,
ग्लेन कोरडा, नौशीनच्या काचा संपलेल्या,
आणि काकू म्हणाल्या,
"दोनच मिनिटं हं. यांना कुशीवर वळवायचंय."

माइक चालूच राहिला.
पलंग करकरला.
"गळ्यात हात टाका माझ्या. टाकलात? आता."
पावडरच्या डब्याचं झाकण.
कुणीतरी खूप लांबून यावं तसं एक हुंकार.
आम्ही एकोणीस जण तलवारी चालवत
एका अनोळखी माणसाची पाठ पुसली जाताना ऐकत होतो.

पडद्यावर त्यांची बाई जागची हलली नाही.
आग आली. पडली.

पण पानं राहिली.
वैद्य मेला तरी पान मरत नाही,
हा नियम मी वाचला होता, पाहिला नव्हता.
खांद्याखांद्यावर टप, टप,
इरफानचं आयुष्य अकरा, मग चाळीस, मग सात,
पुन्हा एक थेंब,
आणि ड्रॅगन कोसळला तेव्हा
शेवटचं पान गळायला एक सेकंद बाकी होता.

कुणी ओरडलं नाही. नेहमी ओरडतात.

"आले. काय झालं? मेले का मी?"
"हो, काकू."
"आणि तुम्ही सगळे?"
इरफान म्हणाला, "आहोत."
"मग ठीक. पण आधीच सांगते,
दर दोन तासांनी उठावं लागतं मला.
एक, तीन, पाच. तुमच्या खेळात बसत नसेल तर
स्पष्ट सांगा, मला वाईट नाही वाटत."

नौशीन म्हणाली, तेवढा वेळ त्यांच्यावर काच मी धरते.
मी म्हटलं, जागा एकच आहे.
ती म्हणाली, मोजायला येतं मला.

ग्लेन अजून बोलत नाही माझ्याशी.
वेळापत्रकात बदल केलाय:
रेड सव्वाएकला सुरू.
तीनला पंधरा मिनिटं थांबणे.
कारणाचा रकाना कोरा ठेवलाय.