लेंड्यांचा हिशेब

बसा, मुसेंबी. स्टूल सावलीत ओढून घ्या.
वास येतोय ना? येणारच.
मघापासून रुमाल नाकाशी नेताय, परत खिशात ठेवताय,
व्याह्यानं इतकं अवघडून बसू नये.
त्या निळ्या पिंपाचा आहे तो.

शेळ्या न्यायला आलात. न्या.
तीन आणल्या होत्यात: काळी, कानफाटी
आणि ही लंगडी,
जिच्या पायाबद्दल तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही.
कानफाटी गेली मागच्या दुष्काळात,
हाडं बाभळीखाली आहेत, हवी तर दाखवते.
करडांचं काय ते म्हाताऱ्यांना ठरवू द्या.

पण पिंपाचं आधीच सांगून ठेवते.

पहाटे कुंपण झाडायचं. लेंड्या गोणीत,
गोणीत दोन दगड, नाहीतर तरंगते.
तोंडाला सुतळी, सुतळी आडव्या काठीला,
आणि पाणी, कोरड्या नदीची वाळू उकरून काढलेलं,
चार पिवळे कॅन,
गाढव आजारी असलं की माझ्या पाठीवर.
वर झाकण. रोज काठी धरून गोणी हलवायची
झोळीतलं पोर हलवावं तशी.
पंधरा दिवस, कधी वीस.
फेस बसला, वासाची धार गेली
की उतरलं समजायचं.
एक डबा ह्याचा, दोन पाण्याचे,
रंग कोऱ्या चहाचा आला पाहिजे.
शेजारीण चहाच म्हणते. साखर किती घालू विचारते, मेली.

पानांवर ओतायचं नाही, करपतात. मुळाशी.
हे कासियोकाला हजारदा सांगितलं
आणि दर वेळी ती वरूनच ओतायची.
तिला कुठल्याच गोष्टीच्या मुळाशी
जाऊ दे.

ती तुमच्या घरी गेली तेव्हा
वर्षभर मी ह्या शेळ्यांकडे धड बघितलं नाही.
पोरीच्या जागी उभ्या राहून
रवंथ करत होत्या.
मग एका सकाळी सहज खराटा घेतला.

सुकुमाची पानं सुपाएवढी झाली, मुसेंबी.
किटुईच्या बाजारात माझी जुडी आधी संपायची.
त्यातून हा पत्रा आला. त्या दोन कोंबड्या.
आणि तुमच्या मुलाला मोटारसायकलीसाठी पाठवलेले पैसे,
तेही त्यातलेच, त्यानं सांगितलं नसेल.

ती आली त्या रात्री शेवटच्या मटाटूनं आली,
एका पायात चप्पल.
मी काही विचारलं नाही.
उगाली केली, सुकुमा परतला,
तिनं तीनदा मागून घेतला.
तुमच्याच शेळ्या होत्या त्या ताटात,
एवढं मात्र मी मोकळेपणानं कबूल करते.

आता ते परत कसं करू?
मातीला सांगू, ओक म्हणून?
पोरीला?

ती बघा, वाफ्यात वाकलीय.
तुम्हाला बघून उठणार नाही, रागावू नका.
डबा जमिनीला टेकवून ओततेय, थेंब थेंब, बुडाशी.
कुठं शिकली कोण जाणे.

सोडा दावी.
लंगडीला ओढू नका, तिच्या चालीनं येते ती.
आणि मागं वळून बघू नका उगाच,
वाटेत टाकत जातीलच त्या, सवयच आहे,
नदीच्या वळणापर्यंत तरी
मी टोपली घेऊन मागं असेन.