वर देणे

घाडीगावकर मागच्या बाकावर बसायचे,
खाकी शर्टावरचा कंपनीचा बिल्ला काढून खिशात ठेवून.
बेलार्ड इस्टेटच्या एका दगडी इमारतीत लिफ्टमन,
छत्तीस वर्षं.
साडेसातला खेतवाडीच्या म्युनिसिपल शाळेत
माझ्या वर्गाला येत,
नातवाच्या शाळेत मीटिंगला बोलता यावं म्हणून.

"अप, डाउन, इन, आऊट
हे नका शिकवू बाई.
ह्या चौघांवरच घर चाललंय."

मी फळ्यावर लिहिलं : गिव्ह अप.
त्यांनी हात वर केला.
"गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर.
म्हणजे वर देणे.
देव प्रसन्न झाल्यावर देतो, तसा?"

वर्ग हसला. पार्लरवाली शाहीन तर बाकावर डोकं टेकून.
नाही हो, म्हटलं, उलट आहे.
सोडून देणे. हार मानणे.
ते फळ्याकडे बघत राहिले,
दिलेला वर कुणी परत मागितल्यासारखे.

लुक आफ्टर म्हणजे नंतर बघू,
आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात ते?
नाही. सांभाळणे.
"कमाल आहे. तिकडे नंतर बघणारा सांभाळतो."

द मिल्क रॅन आऊट.
"दूध पळालं?"
संपलं.
"आणि उतू गेलं तर?"
बॉइल ओव्हर.
"आमचं बापडं जातं. त्यांचं पळतं."

मी सांगत असे, क्रियापद तेच राहतं,
शेपटी बदलली की जनावर बदलतं.
टर्न अप : येऊन उभं राहणं.
टर्न डाउन : नको म्हणणं.
ते म्हणाले, "कळलं. केबिन तीच,
दांडा कुठे फिरवला त्यावर सगळं."

नवरात्र संपल्यावर एक पाकीट आणलं त्यांनी,
चारदा घडी उलगडलेलं.
जुनी लिफ्ट फेज आऊट होणार होती.
काम दुसरी कंपनी कॅरी आऊट करणार होती.
शेवटच्या ओळीत, सहीच्या जरा वर,
वुई हॅव टू लेट यू गो.

लेट म्हणजे देणे, गो म्हणजे जाणे,
त्यांनी स्वतःच जुळवलं.
"जाऊ द्या, असं लिहिलंय?
आमच्यात समजूत घालायला म्हणतात हे."

मी म्हटलं, काका, काढलंय.
"काढलं नाही बाई. काढून टाकलंय.
आपल्यात पण असते की शेपटी.
बोललो, ते वेगळं. बोलून बसलो, ते वेगळं.
दिलं आणि देऊन टाकलं,
ह्यात माझ्या गावची अर्धी जमीन गेली."

एम. ए. आहे मी. एकोणीस वर्षं शिकवतेय.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
मीही कुणाला विचारलं नव्हतं.
त्या दिवशी पुढचा धडा घेतलाच नाही.
शाहीनने सगळ्यांसाठी चहा मागवला,
पैसे घाडीगावकरांनी दिले. देऊन टाकले.

त्यानंतर ते दोनदा आले. बिल्ला नव्हता,
हात मात्र खिशाकडे जायचा.
दुसऱ्यांदा आले ते मीटिंग करून.
"पोराच्या मॅडम म्हणाल्या, गणितात मागे पडतो,
पण डोन्ट गिव्ह अप.
मी उभा राहिलो. म्हटलं,
नो मॅडम. आय ओन्ली गिव्ह डाउन."

वरून खालच्याला द्यायचं, असं म्हणायचं होतं त्यांना.
त्याला हँड डाउन म्हणतात, मी म्हटलं,
गिव्ह डाउन असं काही नसतं इंग्रजीत.
त्यांनी वहीत खोडलं. नीट, पट्टी लावून.

रात्री घरी वडिलांची जाड डिक्शनरी काढली,
पुठ्ठा सुटलेली.
बारीक अक्षरात, सगळ्यात खाली, होतं.
गिव्ह डाउन :
गाईने पान्हा सोडणे.

माझ्याकडे त्यांचा फोन नंबर नाही.