पान एकोणतीस

हे पुस्तक माझं नाही.
पहिल्या पानावर चार नावं, तीन खोडलेली,
चौथं हत्ते सरांचं, खाली तारीख
आणि 'परत द्यावे'.
कुणाला, ते लिहिलेलं नाही.

पुस्तक तरी कसलं,
उदगीरच्या दुकानातली झेरॉक्सची झेरॉक्स,
काळ्या दोऱ्यानं शिवलेली,
काही पानांवर कुणाच्या तरी अंगठ्याची सावलीही छापून आलेली.
जमीन हलली तर लोखंडानं कसं वागावं, त्याचे नियम.
लोखंडाला वाचता येत नाही.

औसा रोडला मी ऑफिस थाटलं
तेव्हा एक टेबल होतं, एक कॅल्क्युलेटर,
आणि मूळ प्रतीसाठी पैसे नव्हते.
मुजीबभाईंनी स्कूटरच्या डिकीतून हे काढून दिलं.
"ठेव. पण लिहायचं तर पेन्सिलीनं.
शाईनं लिहिणाऱ्याला वाटतं, आपण चुकतच नाही."

समासात माणसं राहतात.
उभट अक्षराचा एक :
'काळ्या मातीत हे सूत्र जपून.
मे महिन्यात भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला.'
दुसरा :
'रिंगेचा हूक एकशे पस्तीस अंश. मिस्त्री नव्वदवर सोडून देतो.
उभं राहून वाकवून घ्या.'
त्याखाली तिसऱ्याच हातानं :
'उभा राहिलो. चहा पाजला. वाकवले.'
आणि एका पानावर फक्त
'किल्लारीला पाहिलं.'
पुढे काही नाही, शिसं मोडल्याचा ठिपका.

मीही हे देत गेले.
मागेल त्याला, रात्री-बेरात्री,
अंबाजोगाईला एसटीच्या कंडक्टरच्या हाती,
परळीला, निलंग्याला,
झेरॉक्स काढून घ्या म्हणाले, परत आणा म्हणाले.
विद्या दिल्यानं वाढते म्हणतात.
वाढली.

मग परभणीहून रेणुका दुधमलचा फोन, रात्री अकराला.
नोकरीला लागून पोरीला सहा महिने झालेले.
"मॅडम, पान एकोणतीस, सातवी ओळ.
वर सहा आहे, खाली नऊ आहे,
मध्ये तीन कसा?"

मी दिव्याखाली पान तिरपं धरलं.
आठ होता तो.
डावी बाजू कुठल्याशा काचेवर उडून गेलेली,
उरलेला अर्धा आठ
इतकी वर्षं तीन म्हणून आमच्यात वावरत होता,
गणितात बसत होता, नकाशात उतरत होता.
मी वर पाहिलं नव्हतं, खाली पाहिलं नव्हतं.
ओळीवर बोट ठेवून आकडा उचलला होता,
विश्वासानं,
कारण कागद हत्ते सरांचा होता.

रात्रभर जुनी कामं उघडली.
बहुतेक ठिकाणी दुसराच नियम आड आला होता,
नशीब म्हणा, किंवा सरांची सवय
हातचं थोडं जास्त धरायची.
एक निलंग्याचं प्रसूतिगृह, तिथं नाही.
सकाळी सहाला स्लॅब पडायचा होता.

साडेपाचला पोहोचले तर ठेकेदार :
"म्याडम, मिक्सर लावून बसलाव की आम्ही,
आता थांबवलालाव व्हय?"
थांबवलं.
नव्या सळया येईपर्यंत दुपार झाली,
सिमेंटच्या गोण्यांवर बसून मी फोन करत राहिले.
अंबाजोगाई. परळी. मुजीबभाई.
मुजीबभाई बराच वेळ गप्प,
मग म्हणाले, "माझ्या हातूनच गेलं ते तुझ्याकडे,"
आणि ज्यांच्याकडून आलं होतं, त्यांना फोन लावायला गेले.

घरी येऊन पान एकोणतीस उघडलं.
पेन्सिल होती.
बाजूला सारली.
शाईनं, मोठा, दोन्ही बाजू भरलेला आठ काढला,
शेजारी लिहिलं : 'रेणुका दुधमल यांनी दाखवलं.'

देगलूरचा एकजण राहिला.
वहीत त्याचं फक्त आडनाव आहे आणि जुना नंबर,
तो उचलते कुणी म्हातारी,
म्हणते, इथं इंजिनेर कुणी नाही, बाई.
मी दर रविवारी लावते.
तिला आता माझा आवाज ओळखू येतो.
परवा तिनंच विचारलं,
"सापडला का गं तुझा माणूस?"